पाना धरलेल्या हातात गोष्टीचं पान

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ ६६ वर्षांचे, नाशिकचे. आयटीआय करून ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि ३८ वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. १९८६ साली कारखान्यात आलेल्या एका रशियन तंत्रज्ञाच्या पत्नीने त्यांच्या तान्ह्या मुलीला गोष्टींची सहा रंगीत पुस्तकं दिली होती. ती इतकी वर्षं माळ्यावर होती. आता मुलीची मुलगी, म्हणजे नात, पाच वर्षांची आहे. दर शनिवारी आजोळी येते. तिने ती पुस्तकं शोधून काढली आणि म्हणाली, "आबा, हे वाचून दाखवा." आबांना अक्षरं येतात, कारण कारखान्यात रशियन नकाशे आणि मॅन्युअलं रोज हाताखालून जायची. गेले दोन महिने ते रोज रात्री जेवणानंतर तासभर बसतात, फोनवर एकेक शब्द शोधतात, पेन्सिलीने अर्थ शब्दाच्या डोक्यावर लिहितात. झाली आहेत दीड पानं. वहीत चारेकशे शब्द जमले, पण सकाळी उठल्यावर एकही आठवत नाही. महिनाभर ऑनलाइन क्लास लावला होता, तिथे सहा विभक्त्यांचा तक्ता आला तेव्हा सोडला. मुलगा म्हणतो, "फोटो काढा, अ‍ॅप दोन मिनिटांत मराठी करून देईल." पत्नी म्हणते, डोळ्यांना ताण देऊ नका. त्यांनी विचारलं आहे : "३८ वर्षं रशियन कागद हाताळून पाच वर्षांच्या पोरांचं पुस्तक मला वाचता येत नाही. मला ही भाषा येणं शक्य आहे का? आधी व्याकरण पुरं करू, की नाद सोडून देऊ?" ताजा कलम असा, की एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलेल्या चार ओळी आहेत आणि त्या अ‍ॅपलाही लागत नाहीत.

दादा, नमस्कार.

'पाच वर्षांच्या पोरांचं पुस्तक मला वाचता येत नाही' हे तुमचं वाक्य मी दोनतीनदा वाचलं. तुमचा सगळा त्रास त्या एका वाक्यात आहे. म्हणून आधी तेच तपासू.

लहान मुलांचं पुस्तक सोपं असतं, असं आपण धरून चालतो. ते सोपं असतं त्या भाषेत जन्मलेल्या मुलाला. मॉस्कोतल्या पाच वर्षांच्या पोराला अजून धड वाचता येत नसेल, पण त्याच्या कानात हजारो शब्द आधीच जाऊन बसलेले असतात. आई, आजी, शेजारीण, अंगणातली पोरं यांनी ते बसवलेले असतात. पुस्तक त्याच्या कानावर विसंबून लिहिलेलं असतं. आपल्याकडचंच बघा. एखादा रशियन माणूस पुण्यात राहून दोन वर्षं मन लावून मराठी शिकला. पेपरातली बातमी त्याला लागते. त्याच्या हातात चिऊ-काऊची गोष्ट द्या. चिऊताई बाळाला न्हाऊमाखू घालते, तीट लावते, तिथेच तो अडेल. तीट म्हणजे काय, ती कशाला लावायची, 'न्हाऊमाखू' कोशात कुठे शोधायचं? आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून ते अवघड आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

रशियन बालपुस्तकांत तर लाडाच्या रूपांचा नुसता पाऊस असतो. कोशात ससा म्हणजे 'झायत्स'. गोष्टीत तो कधी 'झाइचिक' असतो, कधी 'झाइका'. कोल्हीण 'लिसा', पण गोष्टीत 'लिसीच्का'. लाकडी घर 'इझबा', पण गोष्टीत 'इझबूश्का'. त्यात बरीच पुस्तकं पद्यात, म्हणजे शब्दांची जागाही यमकासाठी हललेली. तुम्ही दोन महिने ज्याच्याशी झुंजताय ते सोपं पुस्तक नाहीच. तुमची बुद्धी किंवा वय कमी पडलं नाही, पुस्तकाची निवड चुकली. चुकीच्या मापाचा पाना लावला तर नट सुटत नाही, उलट त्याच्या कडा जातात. हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं, '३८ वर्षं रशियन कागद हाताळले' याचा तुम्हाला अपमान वाटतो आहे, जणू ती वर्षं फुकट गेली. मॅन्युअलमधलं रशियन आणि गोष्टीतलं रशियन यांत फरक काय ते पाहा. मॅन्युअलमध्ये माणूसच नसतो. दाब तपासणे, झडप बंद करणे, बोल्ट काढणे. क्रियापद मूळ रूपात, त्याला लागून एक नाम, की झालं. कोणी कोणाला काही म्हणत नाही, कोणी रुसत नाही, काल काय झालं ते कोणी सांगत नाही. गोष्टीत पहिल्या ओळीपासून 'ती म्हणाली', 'त्याला वाटलं', 'त्याने उचललं' सुरू होतं. तेव्हा तुम्हाला भूतकाळाची रूपं आणि सर्वनामं ओळखीची वाटली नाहीत यात नवल नाही. ती कधी तुमच्यासमोर आलीच नव्हती.

पण तुमच्याकडे जे आहे ते नवख्या विद्यार्थ्याकडे नसतं. एक तर ३३ अक्षरं. इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' आहे आणि 'एच'सारखं दिसणारं 'न' आहे, यात नवशिक्यांचा पहिला महिना जातो. तुमचा जाणार नाही. दुसरं म्हणजे उपसर्ग. 'व्वेर्नूत' म्हणजे आटे फिरवत आत बसवणे आणि 'वीवेर्नूत' म्हणजे फिरवून बाहेर काढणे, हे तुमच्या मनगटाला माहीत आहे. सुरुवातीचा 'व' म्हणजे आत, 'वी' म्हणजे बाहेर. गोष्टीतला मुलगा खोलीत शिरतो ते 'वइती', खोलीतून निघतो ते 'वीइती'. तोच आत, तोच बाहेर. रशियन भाषेची अर्धी क्रियापदं अशा उपसर्गांवर चालतात, आणि वर्गात विद्यार्थ्यांना ते समजवायला शिक्षकांना हातवारे करावे लागतात. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनचा सर्टिफिकेट कोर्स केला तेव्हा आमच्या बाई वर्गाच्या दारातून आतबाहेर चालून दाखवायच्या.

आता मुलाचं म्हणणं. तो चूक नाही. तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, नातीला त्या पुस्तकांतल्या गोष्टी मिळाव्यात. दुसरी, तुम्हाला रशियन वाचता यावं. पहिलीसाठी अ‍ॅप खुशाल वापरा. या शनिवारीच वापरा. पानाचा फोटो काढा, गोष्ट काय आहे ते समजून घ्या, मग फोन बाजूला ठेवा आणि चित्रं दाखवत नातीला तुमच्या मराठीत सांगा. पाच वर्षांच्या मुलीला आबा ओळ वाचताहेत की मनाने सांगताहेत याचं काही नसतं. तिला आबांची मांडी आणि बोट ठेवायला चित्र हवं असतं. तुमचं रशियन तयार होईपर्यंत तिला ताटकळत ठेवलंत तर ती सात वर्षांची होईल आणि तिला दुसरीच पुस्तकं आवडायला लागतील. तेव्हा तिचं आणि तुमचं घड्याळ वेगळं करा. ते वेगळं झालं की तुमच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरेल.

दुसरी इच्छा अ‍ॅपने भागत नाही. ती खरी आहे असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं, कारण रोज रात्री दोन महिने कोणी उगीच बसत नाही. म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

'आधी व्याकरण पुरं करू का' असं तुम्ही विचारलंत. व्याकरण पुरं होत नसतं, दादा. तुमच्या मराठीचं कधी पुरं केलंत? आणि गोष्टी वाचायला सुरुवात करण्यासाठी ते पुरं व्हावं लागतही नाही. मात्र गोष्ट लहान हवी, साधी हवी, आणि एकच गोष्ट पुन्हापुन्हा वाचायला हवी. सात दिवसांत सात गोष्टींपेक्षा सात दिवस एकच गोष्ट. माझ्या सगळ्या उत्तरातलं एकच ठेवायचं झालं तर हे ठेवा.

कोणती गोष्ट घ्यायची ते सांगते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. लिओ टॉलस्टॉय हे नाव जाडजूड कादंबऱ्यांमुळे धास्ती घालतं, पण त्यांनी १८५९ साली आपल्या यास्नाया पल्याना या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती, आणि पुढे १८७२ साली अशा मुलांसाठी 'अझबुका' म्हणजे अंकलिपी तयार केली. १८७५ मध्ये ती नव्याने लिहिली. त्या वाचनमालेत 'कोस्तच्का' नावाची गोष्ट आहे. कोस्तच्का म्हणजे फळातली बी. अख्खी गोष्ट दीडशे शब्दांच्या आत संपते. आई आलुबुखार आणते, जेवणानंतर मुलांना द्यायचे म्हणून ताटलीत ठेवते. वान्याने ते फळ कधीच खाल्लेलं नसतं. तो नुसता वास घेत घुटमळतो. खोलीत कोणी नाहीसं बघून एक उचलतो आणि खातो. आई मोजते, तर एक कमी. जेवताना वडील विचारतात. सगळे नाही म्हणतात, वान्याही लालेलाल होऊन नाही म्हणतो. वडील म्हणतात, "कोणी खाल्लं हे वाईटच, पण काळजी ती नाही. आत बी असते, आणि ती गिळली तर माणूस दुसऱ्या दिवशी मरतो, ही मला भीती आहे." वान्या पांढराफटक पडून बोलून जातो, "नाही, बी मी खिडकीतून टाकली." सगळे हसतात आणि वान्या रडू लागतो.

गोष्ट कळली ना? आता ती रशियनमध्ये वाचायला तुमची तयारी झाली. आधी अर्थ कळून घेणं ही लबाडी नाही. तुम्ही कारखान्यात नकाशा बघून मगच जोडणीला हात घालायचात. सार्वजनिक वाचनालयात सोव्हिएत काळातली रशियन कथांची मराठी भाषांतरं आहेत का, तेही एकदा विचारून पाहा. त्या काळात मॉस्कोहून मराठीत छापलेली पुस्तकं स्वस्तात यायची आणि महाराष्ट्रात घराघरांत गेली होती. मराठी आधी, रशियन नंतर, ही वाट अगदी चांगली आहे.

आता त्या छोट्या गोष्टीत काय काय भरलंय ते बघा. आलुबुखार म्हणजे 'स्लीवा'. हा शब्द गोष्टीत सात वेळा येतो आणि एकदाही 'स्लीवा' या रूपात येत नाही. आईने आणले, वान्याने खाल्ले नव्हते, तो जवळून फिरत होता, तिथे 'स्लीफ'. त्याने एक उचललं, तिथे 'स्लीवू'. आईने मोजले, तिथे 'स्लीवी'. त्यांच्यात बी असते, तिथे 'स्लीवाख'. क्लासमध्ये सहा विभक्त्यांचा जो तक्ता बघून तुम्ही उठलात, त्यातल्या चार चौकटी या एका फळाने भरल्या. तक्ता पाठ करायचा प्रयत्न केलात तर तो रात्रीत उडून जाईल. पण 'वान्याने एक उचललं' हे चित्र डोळ्यांपुढे असताना 'स्लीवू' सात दिवस तोंडातून गेलं, की ते जाणार नाही.

विभक्तीला मराठी माणसाने घाबरावं याचं तर मला नेहमी वाईट वाटतं. आपण दिवसभर दुसरं काय करतो? घोडा, घोड्याला, घोड्याने, घोड्याचा, घोड्यात. प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं सामान्यरूप होतं, आणि आपली नात पाच वर्षांची असताना ते न चुकता करते. इंग्रजीवरून रशियन शिकणाऱ्याला प्रत्ययांचा हा सगळा व्यवहारच नवा असतो. तुम्हाला नवे आहेत ते फक्त प्रत्यय. तीन लिंगंही तशीच. तो आला, ती आली, ते आलं, तसंच 'प्रिशोल, प्रिशला, प्रिशलो'. हिंदीने नपुंसकलिंग सोडलं, आपण ठेवलं, रशियनांनीही ठेवलं.

त्या गोष्टीत आणखी दोन जागा आहेत, तिथे मला दर वेळी थांबावंसं वाटतं. 'अनी येमू न्रावीलिस', म्हणजे ती त्याला आवडत होती. इंग्रजीत हे सांगायला 'तो' कर्ता होतो. रशियनमध्ये आवडणाऱ्याला चतुर्थी आणि क्रियापद फळांप्रमाणे चालतं, अगदी आपल्या 'त्याला फळं आवडली'सारखं. लगेच पुढे 'खत्येलस् स्येस्त', म्हणजे खावंसं वाटत होतं. त्यात 'तो' नाहीच, नुसती इच्छा दाटून आलेली. 'खावंसं वाटणं' इंग्रजीत सांगायचं तर किती कसरत करावी लागते, आणि इथे मराठी वाक्यावर रशियन वाक्य जवळजवळ जसंच्या तसं बसतं. असंच 'ऊ मिन्या क्नीगा' म्हणजे माझ्याकडे पुस्तक. 'म्न्ये खोलद्ना' म्हणजे मला थंडी वाजते. तुम्ही रशियनचा अर्थ इंग्रजीमार्गे लावत असाल, अ‍ॅपमध्ये इंग्रजी निवडलेलं असेल, तर ते आजच बदलून मराठी करा. सरळ रस्ता सोडून वळसा घालण्यात अर्थ नाही.

पुढची जागा म्हणजे 'न्ये येल' आणि 'स्येल'. दोन्हींत खाणंच आहे. वान्याने कधी आलुबुखार खाल्लेलं नव्हतं, तिथे पहिलं रूप. एक उचललं आणि खाऊन टाकलं, तिथे दुसरं. रशियन क्रियापदांच्या या जोड्या शिकणाऱ्याला वर्षानुवर्षं छळतात. आपली 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' ही जोडी हुबेहूब तीच नाही, पण काम झाल्या-न झाल्याकडे बघण्याची सवय आपल्या कानाला आहे, म्हणून निदान कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळतं. नियम नंतर वाचा. आधी वान्याला फळ खाऊ दे.

आता तुमची पेन्सिल. शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायचं थांबवा. डोळा आळशी असतो. वर मराठी दिसलं की खालचं रशियन तो वाचतच नाही, आणि तुम्हाला वाटतं आपण वाचलं. सकाळी शब्द आठवत नाहीत त्याचं हेच कारण, कारण ते रात्रीही वाचलेले नव्हते. अर्थ लिहायचाच तर पानाच्या तळाशी लिहा, म्हणजे डोळ्याला खाली जावं लागेल. डोक्यावर फक्त आघाताची खूण करा. रशियनमध्ये शब्दाच्या एकाच स्वरावर जोर असतो, नेहमीच्या छापील पुस्तकांत तो दाखवत नाहीत, आणि तो हलला तर अर्थ हलतो. 'झामक' म्हणजे किल्ला, 'झमोक' म्हणजे कुलूप, आणि कागदावर दोन्ही सारखेच. जोर नसलेला 'ओ' तर 'अ'कडे झुकतो. तुम्ही ओझरला शेकडो वेळा 'खराशो' ऐकलं असेल. ते कागदावर बघा, तिन्ही ठिकाणी 'ओ' आहे. कान बरोबर होता, कागद वेगळा होता. म्हणून गोष्ट वाचण्याआधी ऐका. या जुन्या गोष्टींची मोठ्याने वाचलेली ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर फुकट मिळतात. वान्याची गोष्ट ऐकायला दीड-दोन मिनिटं लागतात. सकाळी चहा होईपर्यंत दोनदा होईल, आणि डोळ्यांना विश्रांती मिळेल, म्हणजे वहिनींचंही ऐकल्यासारखं होईल.

वही फाडू नका, पण मिटून ठेवा. एका गोष्टीतून आठ-दहा शब्द घ्या, जास्त नाही, आणि सुटे घेऊ नका. वाक्य उतरवा. कोणते घ्यायचे हेही ठरवायला हवं. वान्याच्या गोष्टीत खोलीसाठी 'गोर्नित्सा' असा शब्द आहे. तो जुना आहे, आज कोणी म्हणत नाही. तो समजून सोडून द्या. 'आई', 'वडील', 'म्हणाला', 'जेवण', 'कधीच नाही', 'सगळे' हे घ्या, कारण ते पुढच्या प्रत्येक गोष्टीत भेटणार आहेत. काही शब्द तर शिकावेही लागत नाहीत. साखर म्हणजे 'साखर'. दार म्हणजे 'द्व्येर', आपलं द्वार. नवऱ्याचा भाऊ 'द्येवेर', आपला दीर. 'स्नखा' म्हणजे सून, संस्कृतातली स्नुषा. विधवेला 'व्दवा'. नाशिकमध्ये बसून 'किश्मिश' तर शिकवायलाच नको. तिकडे बिनबियांच्या द्राक्षाला हेच म्हणतात.

अशा किती गोष्टी, किती दिवस? रशियन शिकणाऱ्या परदेशी माणसांसाठी तिकडे एक परीक्षा आहे. तिच्या पहिल्या पायरीला सुमारे ७८० शब्द धरतात, दुसरीला १३००, तिसरीला २३००. या पायऱ्या धरून प्रौढांसाठी सोप्या केलेल्या कथांची पुस्तकं निघतात, त्यांत आघाताच्या खुणा दिलेल्या असतात आणि बरेचदा किती शब्दांचं पुस्तक आहे ते मुखपृष्ठावरच छापलेलं असतं. पहिल्या पायरीचं एक पुस्तक मिळवा. हातात घेतलेल्या पानावर शंभर शब्दांत पाचांहून जास्त अनोळखी निघाले, तर पुस्तक मिटा आणि आणखी सोपं घ्या. त्यात कमीपणा नाही. माझ्या सर्टिफिकेटच्या वर्षी मी हौसेने एक मोठी कादंबरी आणली होती आणि चाळीस पानांत तिने माझं वाचनच बंद पाडलं. पुढे सहा महिने मी रशियनला हात लावला नाही. सुरुवात परत केली ती एक-दोन पानी गोष्टींनी.

तुम्ही दोन महिन्यांच्या हिशेबाने निराश झालात, म्हणून एक आकडा सांगते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना रशियन कामापुरती यावी म्हणून सुमारे ११०० तासांचं वर्गशिक्षण धरते. तेही पूर्णवेळ विद्यार्थी, समोर शिक्षक. तुमचे रात्रीचे तास साठ झाले असतील. साठ तासांत 'मला भाषा येणं शक्य आहे का' हा निकाल कसा लावता? तासाभराऐवजी वीस मिनिटं बसा, पण डोळे आणि मन ताजं असताना. रात्री जेवणानंतर नको. सकाळची वेळ तुमचीच आहे.

क्लास वाईट नव्हता. तो तुमच्यासाठी लवकर आला. आठ-दहा गोष्टी अशा मुरल्या, की परत लावा. तेव्हा शिक्षक तक्ता काढतील आणि तुम्हाला प्रत्येक चौकटीत ओळखीचं कोणीतरी दिसेल. पुण्याच्या विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मुंबईत पेडर रोडला रशियन सांस्कृतिक केंद्र आहे. रोज जाणं-येणं नाशिकहून जमणारं नाही, पण ऑनलाइनचं काय आहे ते विचारता येईल. आणि त्याहून जवळचा उपाय म्हणजे तुमच्या बॅचचे, रशियन लोकांबरोबर प्रत्यक्ष काम केलेले कोणी सहकारी अजून ओझरला किंवा नाशिकला असतील. त्यांच्यातल्या एकाला रविवारी घरी बोलवा आणि वान्याची गोष्ट मोठ्याने वाचा. एकट्याने वाचताना माणूस अडला की उठतो. दोघं असले की चहा मागवतात आणि परत वाचतात.

हे उत्तर आणखी काही जणांच्या उपयोगी पडेल म्हणून एक खुलासा. डॉक्टरी शिकायला रशियात निघालेल्या मुलामुलींची पत्रंही माझ्याकडे येतात. शिकवणं इंग्रजीत असलं तरी वॉर्डात पेशंट रशियनच बोलतो. मुलांनो, तुमच्यासाठी गोष्टी चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. तुम्हाला बोलणारा माणूस समोर हवा आणि तो तुम्ही निघण्याआधी हवा. गोष्टीतलं मात्र एक तुमच्या कामाचं आहे, तू आणि तुम्ही. तिथे 'ती' आणि 'वी'. आजीच्या वयाच्या पेशंटला 'ती' म्हणालात तर आपल्याकडे जेवढं खटकतं, तेवढंच तिकडेही खटकतं.

दादा, नातीचं एक राहिलं. वान्याची गोष्ट तुमच्या तोंडी बसली की तिलाही सांगा, मराठीत. नाशिककर म्हणून द्राक्षं मांडायचा मोह होईल, पण आपली थॉमसन बिनबियांची, आणि गोष्ट सगळी बीवर उभी आहे. बोरं घ्या. ताटलीत मोजून ठेवा. शेवटची ओळ तेवढी रशियनमध्ये म्हणा : 'इ फ्स्ये झस्मिआलिस, आ वान्या झप्लाकाल.' सगळे हसू लागले, आणि वान्या रडू लागला. तिसऱ्या शनिवारी ती ओळ तुमच्याआधी तीच म्हणेल.

आणि त्या शाईच्या चार ओळी. अ‍ॅपला त्या लागल्या नाहीत, कारण रशियन हस्ताक्षर छापील अक्षरांपेक्षा बरंच वेगळं असतं. तुम्ही नकाशावर छापील 'त' बघितला आहे. हाताने लिहिताना तो इंग्रजी छोट्या 'एम'सारखा होतो. 'प' होतो छोट्या 'एन'सारखा, आणि 'द' छोट्या 'जी'सारखा. हस्ताक्षराचा तक्ता शोधून दोन सकाळी तो वहीत गिरवा. तेवढं पुरतं. मग पहिली ओळ भिंगाखाली धरा. पुस्तक भेट देताना रशियन माणसं बहुधा 'ना पाम्यत्' असं लिहितात, म्हणजे आठवणीसाठी. पाम्यत् म्हणजे स्मृती, आपल्या 'मती'च्याच कुळातला शब्द. आधी दोन अक्षरी छोटा शब्द, मग थोडी मोकळी जागा, मग 'एन'सारख्या अक्षराने सुरू होणारा आणि मागे कुठेतरी 'एम'सारखं अक्षर असलेला शब्द. तो दिसला, की त्याच्या पुढेमागे तुमच्या मुलीचं नाव शोधा. तिच्या नावाची अक्षरं तुम्हाला येतात.